कौतुकातून निसटलेला मुलगा

२०२५ मध्ये १९ सप्टेंबरला ‘साबर बोंडं’ देशातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पितृपक्ष सरायला दोनच दिवस उरले होते. आमच्या गोव्यात साखळी, कारापूर, आमोणे, मये, जिकडे जावे तिकडे म्हाळ चालले होते. वडिलांच्या नावाने पान वाढायचे, कावळ्याची वाट पाहायची, आणि मग पंगत बसली की आतेमामे सगळ्यांनी मिळून घरातल्या बिनलग्नाच्या मुलाकडे वळायचे. यंदा तरी उरकून टाक बाबा, आईकडे बघ जरा. ‘साबर बोंडं’ची गोष्ट याच पंगतीतली आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा तिशीचा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. एका बाजूला सुतकाचे नियम, दुसऱ्या बाजूला लग्नाचा लकडा, आणि त्यात त्याला लहानपणीचा सवंगडी बाळ्या पुन्हा भेटतो. बाळ्याच्याही घरी मुली बघणे चालू आहे. दोघांनाही लग्न करायचे नाही, आणि का करायचे नाही हे दोघांनाच ठाऊक आहे.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागातले ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. या विभागातला हा सर्वोच्च मान भारतीय कथापटाला पहिल्यांदाच मिळाला, आणि तोही मराठीला. चित्रपट इथे प्रदर्शित होताना राणा दग्गुबाती यांच्या कंपनीने वितरण हाती घेतले. नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, निखिल अडवाणी, विक्रमादित्य मोटवाने अशी मंडळी कार्यकारी निर्माते म्हणून पाठीशी उभी राहिली. परीक्षणे आली ती बहुतेक कौतुकाचीच. विकास अर्स यांचा स्थिर कॅमेरा, पार्श्वसंगीताला दिलेला पूर्ण फाटा, वारा, शेळ्या, भांडी, दूरवरची बोलणी यांतून उभे राहिलेले गाव, भूषण मनोज आणि सूरज सुमन यांचा संयत अभिनय, आईच्या भूमिकेतल्या जयश्री जगताप, या सगळ्याची दखल देशी आणि विदेशी समीक्षकांनी भरभरून घेतली. तक्रार असलीच तर संथपणाची.

मी ही परीक्षणे मिळतील तेवढी वाचली, कारण मला एका गोष्टीचा शोध घ्यायचा होता. पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम इतक्या मायेने मराठी पडद्यावर आल्यावर आपली समीक्षा त्याचे काय करते? आणि साखळीसारख्या गावात राहणाऱ्या, आत्ता दहावी-बारावीत असलेल्या, आपल्याला मित्राबद्दल जे वाटते ते इतरांसारखे नाही हे नुकतेच कळू लागलेल्या मुलापर्यंत त्यातले काय पोचते?

आधी समीक्षेचे. कौतुकाच्या बहुतेक लेखांत थोड्याफार फरकाने एक मुद्दा येतो की हा ‘तसा’ चित्रपट नव्हेच, ही कुणाही दोन माणसांची प्रेमकथा आहे, पुरुषांच्या जागी स्त्री-पुरुष असते तरी ती तेवढीच भिडली असती. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. बिचकणाऱ्या वाचकाला हाताला धरून चित्रपटगृहापर्यंत न्यावे, असेच त्यांना वाटत असते. पण हे म्हणणे मला साफ अमान्य आहे. आनंदच्या जागी एखादी मुलगी बाळ्याला भेटली असती, तर सुतक फिटताच बैठक बसून सुपारी फुटली असती. मग या गोष्टीत उरले काय असते? आनंद आणि बाळ्या शेतात, झाडाखाली, शेळ्यांच्या मागे जो वेळ चोरतात, तो त्यांना चोरावा लागतो याचे एकच कारण आहे. ते कारण पुसले की उरते ते सुंदर छायाचित्रण.

उलट या चित्रपटाचे बळ त्याच्या नेमकेपणात आहे. हे प्रेम सुतकाच्या घरात घडते. त्या घराला सुतकाचे कायदे आहेत, आणि ते कुणी मोडत नाही. मुलगा कायदे पाळतो, वडिलांसाठी पाळतो, त्यांच्यावर त्याचा जीव होता म्हणून पाळतो. गावावर, रीतीवर, नातेवाइकांवर कानवडे राग काढत नाहीत. नातेवाईक दुष्ट नाहीत, त्यांना खरोखरच या मुलाचे भले व्हावेसे वाटते, आणि भले म्हणजे लग्न यापलीकडे त्यांच्याकडे दुसरी कल्पना नाही. ही गोष्ट आमच्या डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर जशीच्या तशी घडू शकते. फक्त बोली तेवढी बदलेल.

आणि आई. या चित्रपटातल्या सुमनबद्दल जितके लिहावे तितके थोडेच. मुलाचे तिला माहीत आहे, वडिलांनाही माहीत होते. नातेवाइकांच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठी घरातच एक गोष्ट रचलेली आहे, की आनंदचे एका मुलीवर प्रेम होते, ते मोडले, म्हणून तो लग्नाला तयार नाही. हे खोटे म्हणजे त्या कुटुंबाने मुलाभोवती घातलेले कुंपण आहे. आमच्या समीक्षेने या आईला ‘पुरोगामी’ म्हटले. मला वाटते, ती त्याहून मोठी आहे. तिच्याकडे विचारसरणी नाही, शब्द नाहीत, चळवळीचा वाराही तिला लागलेला नाही. तिला आपला मुलगा कळतो आणि गावही कळते, आणि ती दोघांच्या मधे उभी राहते. कानवडे यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे की हा चित्रपट त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दिवसांतून सुचला. वडील ड्रायव्हर होते, मुंबईत घर एका खोलीचे, आणि मुलाचे खरे कळल्यावर आईवडिलांनी त्याला दूर लोटले नाही. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांतच असा समजूतदारपणा असतो, हा आपला समज या एका खोलीने खोडून काढला आहे. परीक्षणांत मला हाच मुद्दा सर्वांत कमी दिसला.

याआधीच्या कलाकृतींचे काय झाले होते, तेही आठवून पाहावे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा, म्हणजेच मित्रा, उभी केली. मैत्रिणीवर प्रेम करणारी, त्या प्रेमापायी एकटी पडत गेलेली, आणि शेवटी जीव देणारी मुलगी. नाटकाचे फारसे प्रयोग झाले नाहीत. त्या वेळच्या चर्चेत विषयाचे धाडसच पुढे राहिले, मित्रा नावाची मुलगी मागे पडली. पुढे २०१४ मध्ये रवी जाधव यांनी त्यावर ‘मित्रा’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हेच रवी जाधव ‘बालक-पालक’ आणि ‘टाइमपास’चे दिग्दर्शक. ‘टाइमपास’मधल्या दगडू आणि प्राजूच्या प्रेमाला अख्ख्या महाराष्ट्राने आणि गोव्याने डोक्यावर घेतले, मित्राच्या वाट्याला लघुपट आला.

मराठी चित्रपटाने गेल्या पंधरा वर्षांत कोवळ्या वयातले प्रेम किती प्रेमाने सांगितले आहे, हे लक्षात घेतले की हा फरक बोचतो. ‘शाळा’तला जोशी, ‘फँड्री’तला जब्या, ‘सैराट’ची आर्ची. वर्गातली चोरटी नजर, सायकलच्या घंटीचा इशारा, वहीच्या शेवटच्या पानावरचे नाव. जातीची भिंतसुद्धा आपल्या दिग्दर्शकांनी या वयाच्या डोळ्यांतून दाखवली आणि प्रेक्षक हादरला. पण त्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेला, जोशीसारखाच झुरणारा, फक्त वर्गातल्या शिरोडकर या मुलीऐवजी शेजारच्या मित्रासाठी झुरणारा मुलगा मराठी पडद्यावर मध्यवर्ती झालेला मला आठवत नाही. ‘साबर बोंडं’मध्येही तो आहे तो आठवणींपुरता. आनंद आणि बाळ्याचे लहानपण बोलण्यातून, लाजण्यातून, बाळ्या आणून देतो त्या निवडुंगाच्या लालभडक फळातून, म्हणजेच साबर बोंडातून, कळते. काटे काढून हाती दिलेले ते फळ म्हणजे दोघांचे सगळे पौगंडवय. ते आपल्याला दाखवलेले नाही, आणि ते पाहायची माझी भूक या चित्रपटाने वाढवली.

कॉलेजातल्या मुलाची अशी गोष्ट मराठी साहित्यात मात्र आली होती. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ ही कादंबरी २००६ मध्ये मौजेने काढली. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेला तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली दोन भावंडे, तनय आणि अनुजा. अर्धे पुस्तक भावाचे, अर्धे बहिणीचे. जेरी पिंटो यांच्या अनुवादाने २०१३ मध्ये ती इंग्रजी वाचकांपर्यंत गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला तेव्हा गोष्ट पुण्याहून केरळातल्या फोर्ट कोचीला गेली होती, भाषा हिंदी-इंग्रजी झाली होती, आणि पडद्यावर दिग्दर्शक म्हणून कुणाचेही नाव नव्हते. नीलय मेहेंदळे याच्या तनयचे कौतुक झाले. निळ्या रंगाचे, जुन्या वाड्यांचे, पाण्याचे झाले. ‘कॉल मी बाय युवर नेम’शी तुलनाही झाली. पण मराठी घरातला मुलगा मराठीत प्रेम करताना दाखवण्याची संधी आली होती आणि हातची गेली, याची खंत फारशी कुणी व्यक्त केली नाही. पुण्यातल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर जे बोलले जात नाही, ते मराठीतच बोलले जात नाही. भाषांतरात ती शांतता हरवते.

आता आमच्या गोव्याकडे येतो, कारण या विषयावरची एक मोठी गोष्ट घडली ती साखळीपासून तासाभराच्या आतल्या वाटेवर.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे डांबले. गुन्हा काय, तर रक्तदानाच्या वेळी झालेल्या तपासणीत एचआयव्ही आढळला. अशा माणसाला वेगळे कोंडण्याची तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा होती. चौसष्ट दिवस तो तिथे होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण या प्रकरणाने देशभर चर्चा उठली आणि कायद्याची धार पुढे कमी करावी लागली. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

या जीवनावरून ओनीर यांनी ‘माय ब्रदर निखिल’ काढला. मार्च २००५ मध्ये तो लागला. गोव्यातच घडणारी गोष्ट. पोहण्यातला राज्य विजेता निखिल, त्याची बहीण, त्याला घराबाहेर काढणारे वडील, आणि शेवटपर्यंत साथ सोडत नाही तो नायजेल. सुरुवातीला ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी सूचना आली, ज्या कायद्याने एका खऱ्या माणसाला कोंडले त्याच्याबद्दलच्या चित्रपटाला. तरी तो लागला, चालला, वाखाणला गेला. आधीच्याच वर्षी ‘गर्लफ्रेंड’ या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली होती. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ दाखवणाऱ्या मुंबईतल्या चित्रपटगृहांची मोडतोड झाली होती. निखिलच्या वेळी असे काही घडले नाही. संजय सुरी, जुही चावला, पूरब कोहली यांच्या कामाचे कौतुक झाले आणि घरच्या माणसांना बरोबर घेऊन लोकांनी तो पाहिला.

का पाहू दिला? मी यावर बराच विचार केला आहे आणि मला एकच उत्तर सापडते. निखिल मरतो. मित्राही मरते. आपल्या समाजाला अशा मुलांबद्दल माया येते ती त्यांच्या तिरडीपाशी. जिवंतपणी ज्याला वाळीत टाकले त्याच्यासाठी मेल्यावर रडणे सोपे असते, कारण मेलेला माणूस काही मागत नाही. जागा मागत नाही, घर मागत नाही, जोडीदाराला सणावाराला बरोबर आणू का असे विचारत नाही. निखिलवर लिहिणाऱ्यांनी डोळ्यांतले पाणी लपवले नाही, ते खरेही होते. पण त्या पाण्याने गोव्यातल्या किती घरांची दारे उघडली?

म्हणूनच ‘साबर बोंडं’ वेगळा ठरतो, आणि त्याच्यावर लिहिताना पहिल्याच परिच्छेदात हे यायला हवे होते. यात मृत्यू आहे, सुतक आहे, रडणे आहे, पण ते सगळे वडिलांसाठी आहे. मुले जगतात. मुलांना पुढचे आयुष्य आहे आणि ते कसे काढायचे याचा विचार ती दोघे आपसात करतात. मराठी प्रेक्षकाला कानवडे यांनी प्रथमच असे सांगितले की या मुलांसाठी रडण्याची गरज नाही, त्यांच्यासाठी जागा करा.

बाहेरच्या जगातही हे वळण सहज आलेले नाही. ब्रिटनमध्ये १९९६ साली हेटी मॅकडोनाल्ड यांनी ‘ब्युटिफुल थिंग’ केला. दक्षिण लंडनमधल्या कामगार वस्तीतली दोन शेजारी मुले, एकाचा बाप मारकुटा, दुसऱ्याची आई फटकळ पण जिवाला जीव देणारी. शेवटी दोघे वस्तीच्या चौकात सगळ्यांदेखत नाचतात. जोनाथन हार्वी यांचे मूळ नाटक १९९३ चे. त्या काळी त्या देशात पुरुषांच्या परस्परसंबंधाला संमतीचे वय मुला-मुलींच्या संबंधाहून जास्त होते, आणि ते समान व्हायला २००१ उजाडावे लागले. म्हणजे पडद्यावरची मुले ज्या वयाची दिसतात, त्या वयात त्यांचे प्रेम कायद्याच्या चौकटीबाहेर होते. चित्रपटाच्या जाहिरातीतच त्याला शहरी परीकथा म्हटले होते, आणि समीक्षकांनी तोच धागा उचलला. छान आहे, गोड आहे, पण असे कुठे घडते? ‘टाइमपास’ला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मुलगा आणि मुलगी भांडणातून, बापाच्या रागातून, गरिबीतून पार पडून एकत्र आली की ती प्रेमकथा, आणि दोन मुले तशीच एकत्र आली की परीकथा. सुखाचा पुरावा फक्त त्यांच्याकडेच मागायचा, ही सवय तिकडची तशी इकडचीही.

दुसरा मला फार आवडलेला चित्रपट ब्राझीलचा. दानिएल रिबेइरो यांचा ‘द वे ही लुक्स’, २०१४ चा. साव पावलोतल्या शाळेत शिकणारा आंधळा लिओनार्दो, त्याची जिवलग मैत्रीण, आणि वर्गात नवा आलेला मुलगा. बर्लिनमध्ये त्याला समीक्षकांचे पारितोषिक आणि टेडी पुरस्कार मिळाला. त्यातली भाषा पोर्तुगीज, आमच्या गोव्यातल्या म्हाताऱ्या पिढीच्या कानाला अजून ओळखीची. दिसत नसलेला मुलगा प्रेमात पडतो तेव्हा सौंदर्य, रूप, लोक काय म्हणतील हे सगळे गळून पडते आणि उरतो तो आवाज, स्पर्श आणि सोबत. मुलाची मुख्य तक्रार आहे ती आईबापांच्या अतिकाळजीची. तो कुणावर प्रेम करतो, हा चित्रपटातला सर्वांत मोठा तंटा नाहीच. पंधरा-सोळाच्या मुलाला हा चित्रपट किती हलके करील!

पण पंधरा-सोळाचा मुलगा तो पाहणार कुठे? २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आहे. पणजीच्या पडद्यांवर जगभरचे असे चित्रपट येऊन गेले. इफ्फीत प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात, कारण महोत्सवातले चित्रपट सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविना दाखवले जातात. नियम समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की सोळा वर्षांच्या मुलाच्या मनाबद्दलचा चित्रपट सोळा वर्षांचा मुलगा सोडून सगळ्यांना पाहता येतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढील मुलांसाठी वेगवेगळी यूए प्रमाणपत्रे आली आहेत. ही पायरी उपयोगी आहे. मुलगा-मुलीचे चुंबन ज्या वर्गात बसते, त्याच वर्गात दोन मुलांचे चुंबन बसवायचे की ते आपोआप प्रौढांच्या कप्प्यात ढकलायचे, यावर आपल्या समीक्षकांनी सेन्सॉर मंडळाला जाहीरपणे जाब विचारायला हवा. अभिनय, छायाचित्रण, संकलन यांना तारे वाटून झाले की परीक्षण संपते, आणि हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

अशा प्रेमाला कायद्याची आता आडकाठी नाही. गोवा मुक्त झाल्यावर भारतीय दंड संहितेबरोबर कलम ३७७ ही इथे आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र नाकारला. त्याआधी, २००२ मध्येच, कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपले फ्रेंच जोडीदार जेरोम मारेल यांच्याशी फ्रेंच कायद्याखाली सहजीवनाचा करार केला होता. वस्त्ररचनाकार म्हणून २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले तेव्हा सारा गोवा हळहळला. इतक्या मोकळेपणाने, इतक्या सन्मानाने जगलेला माणूस आपल्या शेजारच्या बार्देशात होता, हे आमचे भाग्य. तरी साखळीतल्या, पाळीतल्या, पेडण्याच्या आतल्या गावातल्या मुलाला त्यांच्यात आपले रूप दिसले असेल का, याची मला शंका आहे. खाण बंद झाल्यावर ट्रक विकलेल्या बापाच्या मुलाला, आईबरोबर जत्रेत फुलांचे दुकान लावणाऱ्या मुलाला इंग्रजी मासिकांच्या मुखपृष्ठावरचे ते जग फार लांबचे होते. बाळ्या लांबचा नाही. बाळ्या शेळ्या राखतो, मराठी बोलतो, आणि त्याच्याही घरी मुलगी पाहायला जायचा दिवस ठरलेला असतो.

इथे एक गोष्ट मनात येते. ‘साबर बोंडं’च्या आदल्याच आठवड्यात, १२ सप्टेंबरला, ‘दशावतार’ लागला होता. दिलीप प्रभावळकरांच्या बाबुलीने तळकोकणाला आणि आमच्या गोव्याला वेड लावले, आणि ते योग्यच झाले. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या माणसाला आपल्या जत्रेतली कला मोठ्या पडद्यावर दिसली. पण दशावतारात रात्री उशिरा जे आख्यान रंगते, त्यातली राणी, पतिव्रता, अप्सरा सगळ्या पुरुषच असतात. नऊवारी नेसलेला, दागिने ल्यालेला पुरुष राजाशी लाडीगोडीने बोलतो, रुसतो, विरहात रडतो, आणि समोर बसलेली बायामाणसे, म्हातारे, पोरे डोळे पुसतात. त्या नटाच्या स्त्रीपार्टाला नावाजायला लोक मैलोगणती चालत गेले आहेत. रंगमंचावरचा हा शृंगार आपल्या आजोबा-पणजोबांनी मनापासून अनुभवला. नट वेगळा आणि त्याने वठवलेली बाई वेगळी, हे मला मान्य आहे. पण इतके तरी नक्की की पुरुषाच्या अंगातली कोवळीक पाहून बिथरून जाणारा हा प्रदेश नव्हे. वर्गात एखाद्या मुलाच्या चालण्यावरून ‘बायल्या’ म्हणून हिणवणारी पोरे ही सवय जत्रेतून शिकलेली नाहीत. ती आपण मोठ्यांनी, हसून सोडून देण्यातून, त्यांना शिकवली.

शाळांबद्दल बोलायचे तर एवढेच की चिडवणे हा शिस्तीचा प्रश्न म्हणून हाताळला जातो, आणि बहुतेकदा ज्याला चिडवले त्यालाच ‘जरा नीट चाल, नीट बोल’ असे समजावले जाते. या मुलांच्या मनावर काय गुदरते त्याबद्दल मराठीत मुळीच लिहिले गेले नाही असे नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ‘पार्टनर’सारखी पुस्तके मराठीत लिहिली, ती याच मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. ती गोव्यातल्या शालेय ग्रंथालयांत असायला हवीत. आमच्या तालुक्यातल्या कुठल्या कपाटात ती मला अजून भेटलेली नाहीत.

समीक्षेचे काम चित्रपट चांगला की वाईट हे सांगून संपत नाही, असे मला या चित्रपटाच्या निमित्ताने ठामपणे वाटू लागले आहे. ‘साबर बोंडं’ सनडान्सला गेला, तिथल्या लोकांनी आपले काम केले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या समीक्षकांना सुतक म्हणजे काय, बिनलग्नाच्या मुलाला पंगतीत काय ऐकावे लागते, हे समजून घ्यावे लागले, आणि त्यांनी ते मनापासून समजून घेतले. आम्हाला तर ते समजावून सांगायचीही गरज नाही. त्यामुळे या चित्रपटाचे सर्वांत खोल परीक्षण मराठीत, आणि तेही गावातून लिहिले जायला हवे होते. त्यात फ्रेमच्या लांबीबद्दल कमी आणि त्या पंगतीबद्दल जास्त असायला हवे होते. आईने रचलेल्या त्या खोट्याची गरज कुणामुळे पडली, हे त्यात असायला हवे होते. चित्रपट संथ आहे ही तक्रार करणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की ज्याला दहा दिवसांत एकदाही मनातले मोठ्याने बोलता येत नाही, त्याचे दिवस तितकेच लांब असतात. कानवडे यांनी ते छाटले नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

चित्रपटाला उणिवाच नाहीत असे मी म्हणत नाही. बाळ्याच्या घरची माणसे आनंदच्या घरच्या माणसांइतकी उभी राहत नाहीत. शहरातून आलेल्याला आईचा आधार आहे, गावात राहणाऱ्याला कोण आहे, हा प्रश्न चित्रपट अर्धा सोडतो, आणि साखळीत बसून पाहणाऱ्याला नेमका तोच प्रश्न जास्त जवळचा असतो. गाव सोडून गेल्याशिवाय अशा मुलाला जगता येते का? याचे उत्तर देणारा चित्रपट अजून यायचा आहे. तो गोव्यात घडणारा, जत्रेच्या रात्री सुरू होणारा, कोकणी-मराठी मिसळून बोलणारा असावा, आणि त्यातली मुले अकरावीत असावीत, अशी माझी इच्छा आहे. आमच्या भागात नाटके लिहिणारी, लघुपट करणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी ही गोष्ट हाती घ्यावी.

तोवर हाताशी आहे ते तरी दाखवू या. साखळीत रवींद्र भवन आहे, सरकारी महाविद्यालय आहे. रवींद्र भवनाने ‘साबर बोंडं’चा एक खेळ लावावा, कॉलेजच्या मुलांना तिकीट कमी ठेवावे, आणि खेळ संपल्यावर तासभर बोलायला वेळ ठेवावा. त्या तासाला मुलांबरोबर आयांनाही बोलवावे, आणि समोर पाहुणा म्हणून मोठ्या नावापेक्षा एखादा समुपदेशक बसवावा. वर्तमानपत्रांनी त्या चर्चेची बातमी सविस्तर द्यावी, पण बोलणाऱ्या मुलांची नावे किंवा छायाचित्रे छापू नयेत. आणि पुढच्या वर्षी म्हाळाच्या पंगतीत कुणी बिनलग्नाच्या मुलाकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला, तर त्याच पंगतीत बसलेल्या तुम्हीआम्ही, त्या मुलाने काही उत्तर द्यायच्या आत, तो विषय बदलावा.